अफवेने नव्हे, लुटीने बुडतात बँका

एखादी बँक कोसळली, की भांडवली वृत्तपत्रांचा आणि सरकारी प्रवक्त्यांचा पहिला उपदेश ठेवीदारांनाच असतो : घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, रांगा लावू नका. या उपदेशामागे एक सिद्धांत दडलेला आहे. बँक मुळात सुदृढ होती, ठेवीदार बिथरले, सर्वांनी एकाच वेळी पैसे मागितले आणि म्हणून बँक बुडाली, असा तो सिद्धांत. १९६० पासून आजवरचा अनुभव तपासला, तर हा सिद्धांत खोटा तर ठरतोच. पण खऱ्या गुन्हेगारांना पाठीशी घालून गुन्हा लुटल्या गेलेल्यांच्याच माथी मारण्याचा तो डाव आहे, हेही स्पष्ट होते.

कोणतीही बँक आपल्याकडील सर्व ठेवी रोख स्वरूपात तिजोरीत ठेवीत नाही, हे खरे आहे. ठेवींचा मोठा भाग कर्जाऊ दिलेला असतो. त्यामुळे सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले, तर चांगल्या बँकेचीही रोकड अपुरी पडेल. परंतु एवढ्यासाठीच देशात मध्यवर्ती बँक असते. ज्या बँकेची कर्जे खरी आहेत आणि वसूल होणारी आहेत, तिला तात्पुरती रोकड पुरवून रिझर्व्ह बँक वाचवू शकते. जिची कर्जेच बोगस आहेत, ती बँक रांग लागण्यापूर्वीच बुडालेली असते. रांगेमुळे ती गोष्ट फक्त उघडकीस येते.

हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांच्या चर्चेचा नाही. जबलपूरसारख्या कामगारांच्या शहरात तो घराघरातला प्रश्न आहे. १९०४ साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, व्हेइकल फॅक्टरी यांत पिढ्यान् पिढ्या राबलेल्या कामगारांची आयुष्यभराची पुंजी म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बँकेतील मुदतठेव. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांचे जुने निश्चित पेन्शन काढून घेण्यात आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकण्यात आले आणि जबलपूरचे कारखानेही त्या वाटणीत विखुरले गेले. सामाजिक सुरक्षितता जसजशी आखडत जाते, तसतशी कष्टकऱ्याच्या म्हातारपणाची मदार बँकेतील ठेवीवर वाढत जाते. विडी कामगार स्त्रीला तर पेन्शनही नाही आणि ग्रॅच्युइटीही क्वचितच. तिचा आधार पोस्टातील किंवा बँकेतील चार पैशांचाच. म्हणून ठेवींच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा मजुरीच्या प्रश्नाइतकाच वर्गीय प्रश्न आहे.

या भागाला या प्रश्नाचा इतिहासही नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि अकोला ही शहरे एकाच राज्यात होती व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याच अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाली आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात केरळातील पलाई सेंट्रल बँकेलाही टाळे लागले. देशभर असंतोष उसळला, तेव्हा कोठे सरकारला ठेव विम्याचा कायदा करणे भाग पडले. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला संरक्षण मिळाले, पण किती? अवघ्या १,५०० रुपयांचे! पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९८० मध्ये ३०,००० रुपये झाली आणि मे १९९३ मध्ये एक लाख रुपये. त्यानंतर तब्बल २७ वर्षे ती एक पैशानेही वाढली नाही. या २७ वर्षांत महागाई किती पटींनी वाढली, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कामगाराच्या ठेवीचे संरक्षण मात्र होते तेथेच गोठवून ठेवण्यात आले.

आता ‘अफवे’च्या सिद्धांताची परीक्षा घेऊ. मार्च २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या दारात ठेवीदारांची झुंबड उडाली. केतन पारेख या शेअर दलालाच्या सट्ट्यात बँकेचा पैसा अडकला आहे, अशी कुजबुज बाजारात होती. ही कुजबुज शब्दशः खरी निघाली. सर्व मर्यादा धाब्यावर बसवून बँकेने दलालाच्या कंपन्यांना पैसा पुरविला होता. अनेक छोट्या सहकारी बँकांच्या ठेवी तेथे होत्या, त्याही अडकल्या. अखेर जून २०१२ मध्ये या बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीदारांनी जे ओळखले, ते हिशेब तपासणाऱ्यांना वेळीच का दिसले नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणात तर अफवेचे निमित्तही उरत नाही. मध्य प्रदेशासह सात राज्यांत १३७ शाखा, नऊ लाखांहून अधिक ठेवीदार आणि ११,००० कोटींहून अधिक ठेवी असलेली ही बँक. मार्च २०१९ अखेरच्या हिशेबात तिने जवळजवळ १०० कोटींचा नफा आणि केवळ ३.७६ टक्के थकीत कर्जे दाखविली होती. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असे फर्मान सुटले. रांगा लागल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून. म्हणजे दारे आधी बंद झाली आणि ठेवीदार नंतर धावले!

मग बँक बुडविली कोणी? बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकाने रिझर्व्ह बँकेला दिलेल्या पत्रातूनच ते उघड झाले. सुमारे ८,८८० कोटींच्या एकूण कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक, म्हणजे दर शंभर रुपयांतील ७३ रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते. ही कर्जे लपविण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती हिशेबात दाखविण्यात आल्याचा आरोप गुन्ह्याच्या तक्रारीत आहे. बँकेचा अध्यक्ष पूर्वी त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होता. बिल्डर, बँकेचे संचालक आणि डोळे मिटून बसलेली तपासयंत्रणा यांचे हे साटेलोटे आहे. याला ‘ठेवीदारांची घबराट’ म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

ठेवीदार रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयासमोर धडकले, रस्त्यावर उतरले. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत त्यांना काय सांगितले? अर्थखात्याचा याच्याशी प्रत्यक्ष संबंध नाही, नियंत्रक रिझर्व्ह बँक आहे! परंतु लढ्याचा दाब वाया गेला नाही. पैसे काढण्याची मर्यादा हजारावरून दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार, पन्नास हजार अशी सरकत गेली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेतील विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याचे बंधन आले. सत्तावीस वर्षे अशक्य असलेली गोष्ट रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसांनी शक्य करून दाखविली.

तरीही राज्यकर्त्यांचा पक्षपात लपत नाही. ५ मार्च २०२० रोजी येस बँक या खाजगी बँकेवर निर्बंध आले. स्टेट बँक पुढे करण्यात आली. तिने ६,०५० कोटी आणि इतर बँका व वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ४,००० कोटी रुपये ओतले. १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस! पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांना मात्र २५ जानेवारी २०२२ पर्यंत, अठ्ठावीस महिने, तिष्ठत ठेवण्यात आले. आणि त्यानंतर हाती काय पडले? ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँक या नव्या खाजगी बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील रक्कम हप्त्याहप्त्याने आणि शेवटचा हिस्सा दहा वर्षांनी मिळणार. मार्च २०२१ नंतर पाच वर्षे व्याज नाही आणि त्यानंतर अवघे २.७५ टक्के. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्यापलीकडील ठेवींचा ८० टक्के भाग तर शेअरमध्ये बदलून टाकण्यात आला. सत्तर वर्षांच्या निवृत्त माणसाला दहा वर्षांचा वायदा देणे ही परतफेड नव्हे, थट्टा आहे.

येस बँक मोठी होती, ती बुडाली असती तर सारी बँकव्यवस्था हादरली असती, असे समर्थन केले जाते. येस बँकेचे ठेवीदार वाचले, हे योग्यच झाले. आक्षेप वेगळा आहे. खाजगी बँकेचे पाप धुण्यासाठी जर सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे भांडवल तेरा दिवसांत उपलब्ध होऊ शकते, तर टॅक्सीचालक, फेरीवाले, निवृत्त कारकून यांच्या बँकेसाठी ते का होत नाही? दुसरा आक्षेप घेतला जातो तो ठेवीदारांच्या ‘लोभा’चा : जास्त व्याजासाठी गेले, आता भोगा. परवाना रिझर्व्ह बँकेने दिला, ‘अ’ दर्जा हिशेबतपासनिसांनी दिला आणि चौकशी मात्र मोलकरणीने करावयाची होती काय?

तिसरा युक्तिवाद अधिक धोकादायक आहे. सहकार मुळातच नासलेला आहे, तेव्हा या बँका खाजगी भांडवलाच्या हवाली करा, असे सांगितले जाते. सहकाराची दुर्दशा नाकारण्याचे कारण नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये २००२ मध्ये रोखे दलालांच्या घशात गेले आणि बँकेच्या तत्कालीन अध्यक्षाला, जो पुढे राज्याचा मंत्री झाला, न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. त्यावरही अपील आहे. ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ या नावाने १९६८ मध्ये कामगारांसाठी उभी राहिलेली संस्था ‘न्यू इंडिया’ बनली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींच्या अपहाराच्या प्रकरणात तिच्यावरही निर्बंध आले. देशातील नागरी सहकारी बँकांची संख्या २००४ मध्ये १,९२६ होती, ती आज १,५०० च्या खाली आहे. परंतु या साऱ्या प्रकरणांत सभासद आणि ठेवीदार बँकेचे मालक केवळ कागदावर होते. कारभार बिल्डर, दलाल आणि सत्ताधारी पुढाऱ्यांच्या हाती होता. सहकार अधिक झाला म्हणून या बँका बुडाल्या नाहीत. त्यांतील सहकार संपल्यामुळे त्या बुडाल्या. खाजगी बँका किती शुद्ध असतात, हे तर येस बँकेनेच दाखवून दिले आहे.

राज्यकर्त्यांचा खरा कल कोठे आहे, हे ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वित्तीय तोडगा व ठेव विमा विधेयकाने उघड केले. बुडणारी बँक ठेवीदारांच्याच पैशातून सावरण्याची, म्हणजे ‘बेल-इन’ची, तरतूद त्यात होती. बँक कर्मचारी संघटनांनी आणि जनतेने कडवा विरोध केल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. पुढच्या दाराने परतविलेले हे धोरण पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या योजनेत मागच्या दाराने आत आले.

भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातले उदाहरणही बोलके आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढण्याची मागणी झाली. शुक्रवारी बँक बंद झाली आणि रविवारी सरकारने सर्व ठेवींची, अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेपलीकडच्याही, पूर्ण हमी दिली. कारण तेथे धनाढ्य कंपन्यांचा पैसा होता. ठेवींची पूर्ण हमी अशक्य असते, हे म्हणणे किती पोकळ आहे, हे यावरून कळते. ती कोणासाठी द्यावयाची, एवढाच प्रश्न असतो.

म्हणूनच मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. व्यक्तिगत ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या बचतीला पूर्ण हमी द्या; तोवर विम्याची मर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडा. प्रत्येक सहकारी बँकेतील सर्वांत मोठ्या कर्जदारांची आणि संचालकांशी संबंधित कर्जांची यादी दरवर्षी शाखेच्या फलकावर लावा. संचालक मंडळावर ठेवीदारांचे आणि कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्या. दोषी संचालक व बड्या थकबाकीदारांची मालमत्ता जप्त करून पहिला हक्क छोट्या ठेवीदारांना द्या. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण करून जनतेच्या बचतीला जे कवच मिळाले, ते खाजगीकरणाने फोडण्याचे डाव थांबवा.

कॉम्रेडांपुढील कामही स्पष्ट आहे. बँकेच्या खिडकीपाशी ठेवीदाराचा संताप रोखपालावर कोसळतो. परंतु रोखपालाने कर्ज मंजूर केलेले नसते. ठेवीदार आणि बँक कर्मचारी यांच्यात ही झुंज लावून देणे मालकवर्गाच्या सोयीचे आहे. खमरियाच्या फाटकावर, विडी कामगारांच्या वस्तीत, निवृत्तांच्या वसाहतींत हा विषय नेला पाहिजे. बँक बुडण्याची वाट न पाहता ठेवीदारांच्या समित्या उभारून कर्मचारी संघटनांशी त्यांची एकजूट घडविली पाहिजे. पैसा कष्टकऱ्यांचा आहे. तो कोणाला कर्जाऊ दिला जातो, हे विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे आणि तो संघटित होऊनच बजावावा लागेल.