‘बरा हाय’ म्हणजे काय?

खालापूरच्या एका ठाकरवाडीतल्या बाईबरोबर मी काही महिने समुपदेशनाला जात होते. दर वेळी प्रश्न तोच, "कसं वाटतंय?" उत्तरही तेच, "बरा हाय." की कागदावर ‘सुधारणा’ अशी खूण! परतताना टमटममध्ये मात्र ती सांगायची, "ताई, तिथं बोलला की हलका वाटतं. पन घरी गेला की जेववत नाय, उठवत नाय."

हे आठवायचं कारण म्हणजे, रुग्णांना उपचारांचा अनुभव कसा आला, हे आता संगणकाकडून त्यांच्या बोलण्यातूनच शोधून घेतात. शेकडो जणांचं बोलणं लिहून काढायचं आणि कुठे दिलासा मिळाला, कुठे मन दुखावलं, ते यंत्राने निवडून द्यायचं. कल्पना मला आवडली. एवढं सगळं वाचायला डॉक्टरांना वेळ कुठला?

पण या यंत्राला आपली भाषा शिकवणार कोण? जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बोलण्या-लिहिण्यातले शब्द मोजण्याची पद्धत रूढ केली. उदास माणसाच्या बोलण्यात ‘मी’ जास्त येतो, असं इंग्रजीतल्या अशा अभ्यासांत दिसलं. आता आमच्या बाईच्या बोलण्यात ‘मी’ शोधून दाखवा! तिचं सगळं दुखणं ‘जेववत नाय’ या दोन शब्दांत आहे. आणि ‘बरा’ तर यंत्र सरळ सुधारणेच्या खात्यात टाकून मोकळं होईल.

कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून ती त्यांना घरी पोचवते. या कामासाठी डॉक्टरांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे देशभरातले, नाना भाषांचे रुग्ण येतात. त्यांची बोली कळली नाही, तर त्यांचं घर तरी कसं सापडणार?

म्हणून म्हणते, यंत्राने लावलेला अर्थ वाडीवरच्या आशाताईंना एकदा वाचून दाखवा. आणि बोलणं यंत्रापुढे ठेवण्याआधी जिचं आहे तिला विचारा, तिला कळेल अशा शब्दांत. नुसता अंगठा घेऊन चालणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे.

टमटममधलं बोलणं मीही तिला विचारूनच समुपदेशक बाईंच्या कानावर घातलं. ती हो म्हणाली. "पन मालकाचा नाव नको घेऊस," एवढंच बजावलं. इथे लिहितेय तेही तिला विचारूनच.