निळी न होणारी पेशी

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या घोळक्यात निम्म्या लोकांच्या खिशात ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या असतात. प्राणवायूपासून शरीरात उपद्रवी रेणू होतात, ते पेशी गंजवतात, म्हणून ते नाहीसे करावेत, एवढे शास्त्र सर्वांना पाठ आहे. मीही त्या गोळ्या दोन वर्षे गिळल्या. पण हेच रेणू आपले शरीर मुद्दाम तयार करते, हे जाहिरातीत नसते.

रक्तातली पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा एकाएकी भरमसाट प्राणवायू ओढते. १९३३ साली हे दिसले तेव्हा वाटले, गिळण्याच्या श्रमांसाठी लागत असेल. तसे नव्हते. पेशीतले ऑक्सिडेज नावाचे विकर त्या प्राणवायूचे सुपरऑक्साइड करते, हे बर्नार्ड बेबियर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखवले. त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नळाच्या पाण्यात असते तसले क्लोरीनचे जहालही तयार होते. जंतू मरतो.

साधारण दोन लाखांत एका बाळात हे विकर जन्मतःच निकामी असते. आजाराचे नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. बहुतेक मुलगेच, कारण मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. यकृतात पू, फुफ्फुसात बुरशी. आपल्याकडे जन्मताच टोचलेली बीसीजीसुद्धा काहींच्या काखेत चिघळते. येथवर समजण्यासारखे आहे: शस्त्र नाही, म्हणून हार.

पण या मुलांची आतडी जंतू सापडत नसतानाही सुजतात, गाठी होऊन जठराची वाट अडते. म्हणजे तेच रेणू दाह आवरण्याचेही काम करत होते. थकलेल्या पेशींना वेळेवर मरायला लावत होते, चेतावणीचे संदेश बंद करत होते. रोकड देणारा आणि ती तपासणारा एकच माणूस असू नये, हा बँकेतला आमचा पहिला धडा. शरीराने तो धुडकावलेला दिसतो.

गोळ्यांनी हे काम बिघडते, असा माझा दावा नाही. या रेणूंना सरसकट चोर ठरवण्याला मात्र माझी हरकत आहे.

आणि त्याहून मोठी हरकत दुसरीच आहे. तपासणी जुनी नि साधी: पिवळ्या रसायनात निरोगी पेशी निळी होते, या मुलांची होत नाही. मुंबईत केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत या आजाराचे निदान होते. निदान झाले तर रोजची औषधे आहेत, अस्थिमज्जा रोपणाने आजार बराही होऊ शकतो. तालुक्याच्या गावी मात्र वारंवार गळवे होणाऱ्या पोराला प्रतिजैविकाचा आणखी एक कोर्स मिळतो, आणि आईला स्वच्छतेवर प्रवचन.