गोव्यातला बंद पडलेला नाइटक्लब: घ्यायचा की चालवायला घ्यायचा?



गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून एका भावाचा फोन आला. "सर, बागा-कळंगुट पट्ट्यात बंद पडलेला नाइटक्लब मिळतोय. साउंड, लाइट, बार काउंटर सगळं रेडी आहे. गावची जमीन विकून घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, आधी जमिनीला हात लावू नकोस. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा विकत घ्यायचं नाही. भाड्याने घ्या, आणि तेही कागद तपासल्यावर.

पहिली गोष्ट, सीझन. गोव्याचा खरा धंदा ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात किनारा ओस पडतो, भाडं मात्र बारा महिने चालू. समजा भाडं महिना दीड लाख, म्हणजे वर्षाचे 18 लाख. ते सहा महिन्यांत कमवायचे म्हणजे तुमच्यासाठी भाडं महिना तीन लाखच झालं. पगार, वीज, माल वेगळा.

दुसरी गोष्ट, लायसन्स. दारूचं लायसन्स माणसाच्या नावावर असतं, भिंतींच्या नाही. जुना मालक गेला की "सगळं चालू आहे" या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. अबकारी खातं, पंचायत, अग्निशमन दल, प्रदूषण मंडळ, एफएसएसएआय, प्रत्येक कागद स्वतः जाऊन विचारा. उघड्यावर मोठ्याने म्युझिक रात्री 10 नंतर चालत नाही. मग तुमच्या नाइटक्लबची 'नाइट' उरली किती?

तिसरी गोष्ट, बांधकाम. समुद्राजवळ सीआरझेडचे निर्बंध आहेत. बांधकाम बेकायदा निघालं तर बुलडोझर येतो तेव्हा भाडेकरूचा मालही आत असतो. आणि डिसेंबर 2025 मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत 25 जण गेले, त्यातले बहुतेक तिथलेच कामगार. आपल्यासारख्याच घरातली पोरं. बाहेर पडायचे दरवाजे किती, फायर ब्रिगेडची गाडी दारापर्यंत येते का, हे भाव विचारण्याआधी बघा.

चौथी गोष्ट, विकतच घेत असाल तर. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायको दोघांचाही मालमत्तेत वाटा असतो. एकट्याच्या सहीवर विश्वास ठेवू नका. वारसदारही अनेक असतात. तिथलाच वकील करा, एजंटने दिलेला नको.

मग करायचं काय? करार 11 महिन्यांचा नको, तीन-पाच वर्षांचा आणि रजिस्टर केलेला घ्या. लायसन्स मिळेपर्यंत भाडं सुरू होणार नाही, अशी अट टाका. आणि तिथे परत नाइटक्लबच का? घरगुती मालवणी-गोवन जेवण, लग्नाआधीचे छोटे कार्यक्रम, दिवसा चालणारा कॅफे, याचाही हिशोब मांडून बघा.

आणि एक प्रश्न मालकाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा: "हा क्लब बंद का पडला?" चहा पाजा, तो सगळं सांगेल.

त्या भावाने अजून जमीन विकलेली नाही. जुलैमध्ये, भर पावसात, एक चक्कर मारून येतो म्हणालाय. मला तेवढंच ऐकायचं होतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.