पाडलेली भिंत

फरात नदीच्या काठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपोस नावाचं नगर होतं. तिथल्या उत्खननात एक साधं राहतं घर सापडलं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात कुणीतरी त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद बांधला. ख्रिस्ती मंडळीच्या जमण्याच्या ज्या सर्वांत जुन्या वास्तू ठाऊक आहेत, त्यांतली ही एक. उंच मनोरे आणि घंटा फार पुढच्या काळातल्या. आरंभी होतं ते कुणाचं तरी घर.

महाराष्ट्रात अशी भिंत जातीची, पाण्याच्या घड्याभोवती होती, आणि ती पाडायला दगडमातीच्या भिंतीहून कितीतरी जास्त बळ लागलं. 1895 साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुढे पतीजवळ परत आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. मग केव्हातरी त्यांचं त्यांनाच उमगलं की माणसांच्या जाती देवानं केलेल्या नाहीत, आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना हा क्रम माझ्या मनात घर करून राहतो. आधी पाणी, मग पाण्याचा संस्कार.

आतिथ्य म्हणजे वाढणं, असं आपण धरून चालतो. लक्ष्मीबाईंची कसोटी मात्र दुसऱ्याच्या हातचं घेण्यात लागली होती. आजही आपल्या मंडळ्यांमध्ये नाताळात वस्तीवर फराळाचे पुडे पोचतात, आणि ते पोचावेतच. पण त्याच वस्तीतल्या सभासदाच्या घरी मांडी घालून आपण शेवटचे केव्हा जेवलो? देणारा उभा असतो, जेवणारा बसतो. लग्न जमवताना मूळची जात हळूच विचारली जाते, तीही ख्रिस्ती घरांत, तेव्हा तो जुना घडा अजून माजघरात आहे हे मान्य केलं पाहिजे. मला याचं मनापासून दुःख होतं.

उपासनेचंही तसंच आहे. सुरुवातीला इथल्या मंडळ्या परक्या चालींवर गात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली, आणि टिळकांनी शेकडो भजनं रचली. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरचा शब्द पाठ व्हायला अक्षरओळख लागत नाही, म्हणून तो देवळाच्या दाराबाहेर पडला, स्वयंपाक करतानाही ओठांवर राहिला. वसईत, मुंबईच्या गावठाणांत आणि गोव्यात क्रूसापाशी संध्याकाळी लितानी म्हणायची आणि उकडलेले चणे सगळ्यांच्या ओंजळीत घालायचे, ही रीत त्याच कुळातली. मुंबईतले अनेक क्रूस 1896 पासूनच्या प्लेगच्या दिवसांत उभे राहिले. भेदरलेली माणसं एकमेकांच्या जवळ येऊन प्रार्थना करत होती. आता इमारतींच्या गर्दीत ते क्रूस दिसेनासे झालेत, आणि घरातली संध्याकाळची प्रार्थनाही रविवारवर ढकलली गेली आहे. दहा मिनिटं पुरतात. एक भजन, एक उतारा, आजारी शेजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर थाप.

आध्यात्मिक वाढीसाठी मोठी शिबिरं लागतात, असं हल्ली वाटू लागलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी वेगळी वाट धरली. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांचं दार उघडं होतंच. पण त्यांना वाचता यावं, वाचलेलं समजावं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. छपाईचं काम तिथल्याच स्त्रियांनी केलं. 1922 साली रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. जिला आसरा दिला, तिच्याच हातात खिळे जुळवायला दिले. आसरा, भक्ती आणि शिक्षण यांचे निरनिराळे विभाग करण्याची गरज त्या घराला पडली नाही.

टिळकांनी 1917 साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ मांडला, तोही बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठी सारखाच. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. त्याची बैठक मात्र कुठल्याही ओसरीवर पुन्हा मांडता येईल.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी थोडं थांबावं. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला एखादा मुलगा भिंतीला टेकून मोबाइल चाळत असेल. त्याला जेवायला घरी आणावं. आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसणाऱ्या आजींना विचारावं, “आजी, आज तुमच्याकडे काय केलंय?” पिठलं-भाकरी म्हणाल्या, तर त्यांच्या मागोमाग चालू लागावं.