पन्नास रुपये आणि एक शेरा

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की आम्ही गोंयकार अजूनही चोर्ला घाट चढून बेळगांव गाठतो. परवा खडेबाजारात बायकामंडळी साड्यांच्या ढिगात बसलेली आणि मी बाहेर पायरीवर चहा घेत. कापडाचा गठ्ठा उतरवणारा एकजण थबकला. "साहेब, ओळखलंत?" मी कसला साहेब, कारकून! पण ओळखलं. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर कोर्टाने सोडलेला, आमच्या कचेरीत हजेरीला यायचा.

तो आला की सगळे दबकून असत. आज परिवीक्षा अधिकाऱ्याला देव म्हणणार, उद्या आईवरून शिवी. एकदा असाच ओरडून गेला, आणि पुढची हजेरी चुकवली. अधिकारी सज्जन गृहस्थ, पण शिवी मनाला लागली. अहवालात लिहिलं, 'उर्मट, सुधारणे अशक्य'. टंकलेखन माझंच.

1958 च्या परिवीक्षा कायद्याचं कलम 9 मला तोंडपाठ आहे. अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालूही ठेवू शकतं. तुरुंग आणि पन्नास रुपये यांच्यामध्ये असा एखादा शेरा उभा असतो.

त्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. कुणी त्याला सांगितलं नाही, शिपायाकडून कळलं. व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात तो हाच की नाही, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. पण त्या विकाराच्या काही माणसांना कुणी सोडून जाणार हे सहन होत नाही, आणि ते दुःख शिवी होऊन बाहेर पडतं, एवढं आता पुस्तकात वाचून मलाही कळतं. वेड नसल्यामुळे कायदा त्यांना सहसा शहाणं समजतो, नुसत्या गोळ्यांनीही भागत नाही. मग उरतो परिवीक्षा अधिकारी. त्याला हे कुणी शिकवायचं?

इंग्लंडात 2011 नंतर आरोग्यसेवा आणि परिवीक्षा खातं मिळून हे काम करू लागले. तिथल्या प्रशिक्षणात हा विकार स्वतः भोगलेली माणसंही शिकवायला असतात. आपल्याकडे औंधच्या राजाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांवर विश्वास टाकला. त्यावरून निघालेला 'दो आँखें बारह हाथ' पाहून आपण रडलो. पण प्रत्येक कचेरीत तसा जेलर कुठून आणणार? साध्या माणसाला शिकवूनच घ्यावं लागेल: मर्यादा आधी सांग, शब्द पाळ, जाणार असशील तर महिनाभर आधी सांग, आणि शिवी खाल्ल्या दिवशी अहवाल लिहू नकोस. शेवटचं तर आम्हा सगळ्या कचेरीवाल्यांनाच लागू!

"मग काय झालं?" मी विचारलं. दंडावर निभावलं होतं. नवीन आलेल्या बाई पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, म्हणाला.

गठ्ठा खांद्यावर घेता घेता वळला. "ते पहिले साहेब आता कुठे असतात हो?"