अनामत रक्कम कोणाची?

इंग्लंडमधील शिक्षण संपवून परतणारा मराठी विद्यार्थी भाड्याच्या घराची किल्ली परत देतो आणि विमानात बसतो. घरी येऊन पंधरवडा लोटतो न लोटतो तोच घरमालकाच्या दलालाचे पत्र येऊन थडकते. गालिच्यावरील डाग, भिंतींची रंगरंगोटी आणि खोल्यांची सफाई या तीन सदरांखाली अनामत रकमेतून मोठी वजावट केल्याचे त्यात कळविलेले असते. महिना ८०० पौंड भाडे असेल, तर पाच आठवड्यांची अनामत सुमारे ९२३ पौंड होते. म्हणजे लाख रुपयांच्या घरात. बँकेचे कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम क्षुल्लक नव्हे. तरीही ‘इतक्या लांबून कोण भांडणार?’ असे म्हणून तिच्यावर पाणी सोडण्याकडे कल असतो. ही हताशा स्वाभाविक असली तरी अनाठायी आहे.

या भांडणामागील अर्थशास्त्र साधे आहे. पैसा ज्याच्या हाती असतो, त्याला दिरंगाई सोयीची असते. दोनशे पौंड परत मिळविण्यासाठी वकील नेमावा किंवा परत विलायत गाठावी, तर खर्च दाव्याहून मोठा होतो. दूर गेलेला भाडेकरू हा हिशेब करतो आणि तो तसा करणार हे घरमालकालाही ठाऊक असते. साहजिकच वजावट न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही. हे बदलावयाचे, तर कायद्याने दोन गोष्टी ठरवावयास हव्यात: पैसा कोणाच्या ताब्यात राहावा आणि नुकसान कोणी सिद्ध करावे.

इंग्लंडने नेमके हेच केले. तेथील २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातील तरतुदी एप्रिल २००७ पासून अमलात आल्या. सर्वसाधारण खासगी भाडेकरूची अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करणे आणि तशी माहिती भाडेकरूला देणे घरमालकावर बंधनकारक आहे. यात कसूर झाल्यास न्यायालय अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड भाडेकरूला देववू शकते. २०१९ च्या कायद्याने अनामतीवर मर्यादाही घातली. वार्षिक भाडे ५० हजार पौंडांच्या आत असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही.

वजावटीविषयी वाद झाल्यास उभयतांच्या संमतीने तो योजनेच्या त्रयस्थ निवाडाधिकाऱ्याकडे जातो. यासाठी शुल्क नाही आणि हजर राहण्याची गरजही नाही, कारण निर्णय केवळ कागदपत्रांवरून होतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, अनामत ही मूलतः भाडेकरूची मालमत्ता मानली जाते. तिच्यातून काही कापावयाचे, तर नुकसान झाल्याचा पुरावा घरमालकाने द्यावयाचा असतो. नागपूरला परतलेला विद्यार्थी आपली बाजू लंडनमधील भाडेकरूइतक्याच समर्थपणे मांडू शकतो, तो यामुळेच.

निवाड्याचे तत्त्वही समजून घेण्याजोगे आहे. वापराने होणारी स्वाभाविक झीज हे नुकसान नव्हे; तिचा मोबदला भाड्यात आलेलाच असतो. समजा, ५०० पौंडांच्या गालिच्याचे आयुष्य दहा वर्षांचे आहे आणि तो सहा वर्षांनी खराब झाला. अशा वेळी भाडेकरूचा दोष सिद्ध झाला, तरी उरलेल्या चार वर्षांचे, म्हणजे २०० पौंडच मागता येतात. जुन्याच्या जागी नवे कोरे घेण्याचा अधिकार घरमालकाला नाही. घसाऱ्याचा हा नियम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नसावा.

तथापि कायदा आहे म्हणून न्याय आपोआप मिळेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. घरमालकाबरोबर त्याच्याच घरात राहणारे आणि विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थी या संरक्षणाबाहेर आहेत. काही योजनांत घर सोडल्यापासून तीन महिन्यांत वाद उपस्थित करावा लागतो. जेथे रक्कम योजनेकडेच ठेवलेली असते, तेथे भाडेकरूचा ठावठिकाणा नसल्यास, किंवा लेखी मागणीला त्याने १४ दिवसांत उत्तर न दिल्यास, घरमालक शपथपत्र करून एकतर्फी दावा करू शकतो. म्हणूनच घरचा पत्ता व चालू राहणारा ई-मेल देऊन ठेवणे, ताबा घेताना व सोडताना तारखेसह छायाचित्रे काढणे आणि सामानाच्या यादीवर उभयतांची सही घेणे अगत्याचे आहे. पैसे कोणत्या खात्यात घ्यावयाचे हे ठरल्यावाचून तेथील बँकखाते बंद करू नये. घरमालकाचीही बाजू असते. भाडे थकवून किंवा मोडतोड करून जाणारे भाडेकरू असतात, आणि पुरावा असेल तेथे निवाडा मालकाच्या बाजूने होतो. व्यवस्थेचे निःपक्षपातीपण त्यातच आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी जाणाऱ्यांचा आहे, असे मात्र मानू नये. नांदेडहून पुण्यास शिकावयास आलेली विद्यार्थिनी किंवा मुंबईहून बदली झालेला कारकून घर सोडल्यावर तितकाच दूर जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली, हे योग्यच झाले. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची आणि दुप्पट दराने भरपाई मिळण्याची सोय कलम २४ ने मालकाला दिली. अनामत अडवून ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध मात्र इतकी तत्पर सोय नाही. रक्कम त्याच्याच हाती राहते आणि दिवाणी न्यायालयाची पायरी मागणाऱ्याने चढावयाची असते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली. परंतु रक्कम घरमालकाकडून काढून त्रयस्थाकडे ठेवण्याची सक्ती त्यातही नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने अशी रक्कम सरकारी मंडळाकडे ठेवण्याचा कायदा १९७७ मध्येच केला. महाराष्ट्रात भाडेकरारांची नोंदणी आता संगणकावरून होते. त्याच वेळी अनामत त्रयस्थ खात्यात जमा करून घेण्याची तरतूद करणे अशक्य नाही. त्यात प्रामाणिक मालकाचे नुकसान नाही. अप्रामाणिकाची तेवढी सोय जाईल. परक्या देशात जो न्याय घरबसल्या मागता येतो, तो आपल्याच राज्यात मागण्यासाठी मात्र न्यायालयात खेटे घालावे लागावेत, ही विसंगती विधिमंडळाने किती काळ चालू द्यावयाची?