एक गाणं नको, एक संध्याकाळ द्या



या समूहावर इंदूर-ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या आठवणी मी नेमाने वाचतो. सातपुड्याच्या आमच्या बाजूचं, म्हणजे छिंदवाडा-बैतूलकडचं फारसं कुणी लिहीत नाही. आज लिहितोय ते निव्वळ आठवण म्हणून नाही. आमच्या चर्चची ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कार्यक्रमांची कच्ची यादी मागच्या आठवड्यात फोनवर आली. त्या यादीबद्दल माझं स्पष्ट मत आहे आणि ते इथे मांडायचं आहे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावात हाच प्रश्न वेगळ्या नावाने असणार.

आधी आम्ही कोण ते सांगतो. 'मराठी लूथरन' म्हटलं की पुण्याचे नातेवाईकसुद्धा भुवया उंचावतात. १८७७ साली स्वीडिश मिशनरी जुन्या मध्य प्रांतात आले. त्यांचा मुख्य रोख गोंड समाजाकडे होता. सागर, छिंदवाडा, बैतूल इकडे त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं हॉस्पिटल तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल, ते याच चर्चचं. मराठी मुलखात मात्र लूथरन मिशन असं कधी मोठं झालं नाही. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, जालन्याकडे स्कॉटिश, मुंबई-नाशिकला अँग्लिकन, असा सगळा हिशेब. त्यामुळे आमच्याकडची मराठी घरं चर्चमध्ये जन्मली ती वेगळ्याच मंडळीत आणि नोकरीधंद्याने इकडे आल्यावर गावात जे चर्च होतं त्याची झाली. माझे आजोबा नगरचे, मिशन शाळेतले मास्तर. येताना ट्रंकेत कपड्यांबरोबर 'उपासना संगीत' घेऊन आले. सौंसर-पांढुर्ण्याकडची, घरात मराठीच बोलणारी काही कुटुंबं होती, तीही आम्हाला येऊन मिळाली. त्या काळी नागपूर हीच आमची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचे जिल्हे मध्य प्रदेशात राहिले, आणि आम्ही सकाळी उठून 'बाहेरचे मराठी' झालो.

उपासना हिंदीत. पहिल्यापासून हिंदीत, आणि त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. गोंड, हिंदी, मराठी, थोडे छत्तीसगडकडचे, सगळ्यांना एकत्र बसवायचं तर दुसरी भाषा कोणती असणार? मी स्वतः प्रभूची प्रार्थना दोन्ही भाषांत सारख्याच सवयीने म्हणतो.

आता यादी. पहिला हंगामाचा सण. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात. भोपळे, मका, कोंबडी, कुणी हौसेने आंब्याचं लोणचं. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव होतो, पंचवीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. बँकेतली चाळीस वर्षं हिशेबात गेल्यामुळे या लिलावाची वही माझ्याकडेच असते. सांगतो, बोली लावून पैसे न देणारे दरवर्षी तेच असतात! मग ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन. १ आणि २ नोव्हेंबरला कब्रस्तानात साफसफाई, चुना, मेणबत्त्या. महिलांचा मेळावा. तरुणांचं शिबिर. तीन दिवसांची जागृती सभा, मांडव, बाहेरचा वक्ता. आगमनाचे चार रविवार. कॅरल. नाताळ. ३१ डिसेंबरची रात्र. आणि नाताळच्या आधीच्या शनिवारी 'सांस्कृतिक संध्या', तिच्यात गोंडी नाच, नाटुकलं, मुलांची गाणी आणि 'एक मराठी गीत'.

माझं म्हणणं या शेवटच्या तीन शब्दांबद्दल आहे.

पूर्वी आगमनकाळात आमच्याकडे एक मराठी संध्याकाळ असायची. उपासनाच, पण मराठीत. पेटी, ढोलक, दोन टाळ. शास्त्रवाचन, चार-पाच गाणी, प्रार्थना, मग कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा आणि चहा. ती कधी बंद झाली याची नेमकी तारीख नाही. पेटी वाजवणारे गुरुजी गेले, एक-दोन वर्षं पावसाने नाही म्हटलं, एका वर्षी शिबिर त्याच दिवशी आलं, आणि मग यादीतून ओळच गेली. कुणी ठराव करून काढली नाही. यादीतल्या ओळी अशाच जातात.

गेल्या रविवारी मी कमिटीच्या सेक्रेटरीला विचारलं. मुलगा गुणी आहे, धावपळ करतो, मला अंकल म्हणतो. म्हणाला, "अंकल, एक मराठी गाना रखा तो है कल्चरल में. सबको अच्छा लगेगा." त्याने मनापासून सांगितलं. पण स्टेजवर आमच्या नऊ घरांतल्या बायकांनी नऊवारी नेसून एक गाणं म्हणायचं, लोकांनी मोबाईल वर धरून शूटिंग करायचं, टाळ्या, पुढचा आयटम. याला मी भाषा जपणं म्हणत नाही. टिळकांची अभंगाच्या वळणाची पदं देवापुढे म्हणायची आहेत. ती कार्यक्रमात दाखवायची वस्तू नव्हे. गोंडी नाचाबद्दलही माझं हेच मत आहे, पण ते त्यांनी सांगावं, मी नाही.

आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर मावशी नव्वदीच्या पुढे आहेत. हिंदी उत्तम समजतं, बाजारात हिंदीच बोलल्या जन्मभर. हल्ली विसरायला होतं. नातवाचं नाव विसरतात. चर्चमध्ये सगळे हिंदीत प्रार्थना म्हणत असतात तेव्हा त्यांची मराठीत सुरू असते, हळू, आपल्या चालीने. सगळ्यांचं आमेन होऊन जातं, पाळकसाहेब पुढचं पान उलटतात, आणि मग मागच्या बाकावरून त्यांचं आमेन येतं. लहान मुलं हसतात. मला हसू येत नाही. म्हातारपणी माणसाकडे शेवटी उरते ती पहिली भाषा, आणि त्या भाषेत त्यांच्याबरोबर म्हणायला वर्षातून एक तास तरी चार माणसं असावीत.

दुसरी गोष्ट जास्त रोकडी आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्यातलं एक माणूस गेलं. घरच्यांची इच्छा होती की कबरीपाशी मराठी गीत व्हावं. उभे होतो साठ-सत्तर जण. सगळी कडवी येणारे तिघे, त्यातला मी एक, आणि माझा आवाज असा की बँकेतसुद्धा लोक म्हणत, साहेब, तुम्ही सही करा, बोलू नका. शेवटी कुणीतरी यूट्यूबवर लावलं. मध्येच जाहिरात आली. काय वाटलं असेल त्या घराला? अंत्यविधीची तारीख कुठल्या यादीत आधी छापून येत नाही. त्या दिवशी गाणं तोंडात असायचं असेल तर ते एरवी कधीतरी म्हटलेलं असायला लागतं.

आता विरोधातलं. काही जण म्हणतात, आज मराठीची संध्याकाळ दिली तर उद्या गोंडीवाले मागतील, परवा आणखी कोणी, चर्चचे तुकडे होतील. मागितली तर द्यावी! आगमनाचे रविवार चार आहेत, संध्याकाळीही चार. सकाळची उपासना एकत्र आहे, प्रभुभोजन एकाच मेजावरून आहे, तोपर्यंत संध्याकाळच्या तासाभराने काय तुटणार? आणि आपण लूथरन आहोत, हे ३१ ऑक्टोबरलाच आठवायचं का? १५१७ ची गोष्ट दरवर्षी व्यासपीठावरून सांगितली जाते, दारावर ठोकलेले मुद्दे वगैरे. त्यापुढचं कमी सांगतात. लूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला, १५३४ मध्ये पूर्ण बायबल, आणि १५२६ मध्ये जर्मन उपासनाविधी. म्हणजे लोकांनी देवाशी स्वतःच्या भाषेत बोलावं हा या चर्चचा पायाच. आणि गंमत अशी की जर्मन विधी काढताना त्याच लूथरने लिहून ठेवलं की लॅटिन उपासना मी बंद करू इच्छित नाही, तरुणांसाठी तीही चालू राहावी. एकाच्या जागी दुसरी भाषा बसवून लॅटिनला बाहेर काढावं, असं त्याच्या मनात नव्हतं. भारतात तरी दुसरं काय झालं? १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरलेला झीगेनबाल्ग आधी तामिळ शिकायला बसला. रांचीकडच्या मिशनरींना मुंडारी, कुडुख शिकावी लागली.

दुसरा आक्षेप, येणार कोण? मुलांना मराठी वाचता येत नाही. हा आक्षेप मला मान्यच नाही. इंदूर असो की आमचं गाव, आपल्याला एक सोय आहे जी बेळगावच्या किंवा हैदराबादच्या लोकांना नाही. शाळेत हिंदी शिकलेल्या पोराला देवनागरी येतेच. गाण्याचे कागद छापून हातात दिले की हिंदी माध्यमातलं पोरगंसुद्धा म्हणू शकतं, अडतं ते फक्त 'ळ'ला. माझ्या नातीने दोन दिवसांत तीन पदं पाठ केली, अर्थ मग विचारला. तिच्या दोन गोंड मैत्रिणी तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ही त्यांची भाषा नाही.

आणि ही पदं काही परप्रांतातून आयात केलेली नाहीत, हेही एकदा सांगून टाकतो. नारायण वामन टिळक नागपुरात राहिलेले, आणि नवा करार त्यांच्या हाती पहिल्यांदा पडला तो राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत, एका अनोळखी साहेबाकडून. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये तो सगळा काळ आहे. राजनांदगाव तेव्हा मध्य प्रांताकडचंच संस्थान. म्हणजे मराठी ख्रिस्ती गीताची एक मुळी आमच्याच बाजूच्या मातीत आहे.

खर्चाचं तर बोलूच नये. जागृती सभेचा मांडव, साउंड, वक्त्याचं येणं-जाणं, जेवण, हे सगळं माझ्या वहीतून जातं. मी त्याला नाही म्हणत नाही, लोक दुरून येतात, त्यांना बरं वाटतं. मराठी संध्याकाळीला काय लागतं? पेटी आहे, भाता थोडा गळतो, दुरुस्त होईल. कागदांची झेरॉक्स मी करतो. चिवडा बायको करते आहे, तिला अजून विचारलेलं नाही.

तेव्हा मागणी अशी. आगमनाचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच, चर्चच्या आत, स्टेजवर नाही. एक तास. दोन वाचनं मराठी, एक हिंदी. सहा गाणी. भाषण नाही, सत्कार नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, बॅनर नाही. यादीत इतर कार्यक्रमांसारखीच तारखेसह ओळ, आणि ती यादी फोनवर पाठवून न थांबता रविवारी उपासनेत मोठ्याने वाचून दाखवायची, कारण नव्वदीच्या मावशींना व्हॉट्सॲप नाही. 'सांस्कृतिक संध्ये'तलं एक मराठी गीत त्यांनी ठेवावं की काढावं, मला फरक पडत नाही.

यादी पक्की करायची सभा येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. मी हे सगळं हिंदीत लिहून एक पानाचा अर्ज केला आहे, खाली नऊपैकी सात घरांच्या सह्या आहेत. आठवं घर लग्नासाठी अमरावतीला गेलंय, परतल्यावर करतो म्हणाले. नववं घर म्हणालं, आधी बघू कमिटी काय म्हणते!

इंदूर, जबलपूर, रायपूरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी कुणी हे वाचत असेल तर तुमच्याकडे अशी संध्याकाळ अजून होते का, कधी होते, किती जण येतात, ते खाली लिहा. रविवारच्या आत लिहिलंत तर सभेत वाचून दाखवीन.